दुखणं कायमचं आहे, अभ्यास सोडायचा नाहीये. तुम्ही कसं जमवता?

मोडीत_निघालेली

मी मोडी कागदपत्रांवर काम करते. अठराव्या शतकातला देशावरचा एक परगणा आणि तिथला जमीनमहसूल, असा विषय. पीएचडीची नोंदणी मुळातच उशिरा केली, आणि ती केल्यावर थोड्याच दिवसांत आमवाताचं निदान झालं. ऱ्हुमॅटॉइड. वयोमानाने गुडघे झिजतात तो प्रकार वेगळा. ह्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. बोटं आणि मनगटं सुजतात, सकाळी उठल्यावर बराच वेळ मूठ वळत नाही. मेथोट्रेक्सेट हे त्यावरचं औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. मी शनिवारी रात्री घेते आणि रविवार मळमळीत घालवते.

दफ्तरात, म्हणजे जुन्या कागदांच्या संग्रहात, काम म्हणजे रुमाल (कागदांचं कापडी गाठोडं) सोडायचा, कागद उलगडायचे, टिपण काढायचं, घड्या होत्या तशा घालून रुमाल पुन्हा बांधायचा. ह्यातलं प्रत्येक काम बोटांचं. पण दुखण्यापेक्षा थकवा जास्त छळतो. दुखणं लोकांना दिसतं तरी, थकवा कुणाला दाखवणार? घरी स्वयंपाक आहे, सासूबाईंचं पथ्य आहे, मुलाची बारावी आहे.

'सकारात्मक राहा' आणि हळद-दूध हे दोन्ही भरपूर मिळालेलं आहे. डॉक्टर चांगले आहेत, बदलायचे नाहीत. मला कामाची माहिती हवी आहे. दीर्घ आजारात वाचन-लेखन-संशोधन चालू ठेवलेले लोक इथे असतील. दिवस कसा लावता? बसता कशावर? काय सोडून दिलंत?

चकली_फसली

वाचतेय. वाखुसा (वाचनखूण साठवली).

कोथरूडकर_काका

हळद-दूध नको म्हणता, एरंडेल चालेल का?

(पळतो.)

निवृत्त_मास्तर

मी रत्नागिरीकडे जीवशास्त्र शिकवत होतो, म्हणून माझं उदाहरण डार्विनचं. तो थोर होता म्हणून नव्हे. त्याच्या मुलाने वडिलांच्या दिनक्रमाचं इतकं बारीक वर्णन करून ठेवलंय की तुमच्या प्रश्नाला थेट उत्तर मिळतं.

बीगल बोटीवरून १८३६ मध्ये परतल्यावर काही काळातच त्याची तब्येत बिघडली ती कायमची. उलट्या, पोटाचे विकार, धडधड, अंगावर चट्टे, कमालीचा थकवा. नेमका आजार कोणता ह्यावर आजही एकमत नाही. १८४२ मध्ये तो लंडन सोडून केंट परगण्यातल्या डाऊन गावी गेला आणि उरलेली चाळीस वर्षं तिथेच राहिला. ह्या माणसाचा कामाचा दिवस केवढा होता? सकाळी आठ ते साडेनऊ ही त्याची सर्वांत चांगली वेळ. मग पत्रं. साडेदहा ते बारा पुन्हा काम. बारा वाजता घराबाहेर पडताना पुष्कळदा म्हणायचा की आज चांगलं काम झालं. दुपारी पत्रोत्तरं, मग कोचावर आडवं होऊन बायको एमाकडून कादंबरी ऐकणं, संध्याकाळी जमलं तर आणखी तासभर. रात्री एमाबरोबर बॅकगॅमनचे दोन डाव. ह्या डावांचा हिशेबसुद्धा त्याने ठेवला होता. १८७६ मध्ये एसा ग्रे ह्या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाला त्याने कळवलंय की एमाने २४९० डाव जिंकले आणि मी २७९५!

म्हणजे खरं काम तीन-चार तासांचं. तेवढ्यात बार्नॅकल ह्या बारक्या समुद्री जीवांवर आठ वर्षं खर्च केली. मधे माल्व्हर्नला पाण्याचे उपचार घेतले, १८४९ ते १८५५ तब्येतीची रोजची नोंदवही ठेवली. १८५९ च्या नोव्हेंबरात त्याचं मुख्य पुस्तक बाजारात आलं तेव्हाही स्वारी यॉर्कशायरमध्ये इल्कलीला जलोपचार घेत होती.

आता तुमच्या कामाचं. त्याच्या अभ्यासिकेत टेबलाशी ताठ बसून लिहिणं नव्हतं. मोठ्या खुर्चीच्या दोन हातांवर आडवी फळी टाकायची आणि तिच्यावर लिहायचं. आणि जाड पुस्तक हातात धरवत नसेल तर तो ते सरळ मधोमध कापायचा! पुस्तकाबद्दल त्याला मुळीच भक्तिभाव नव्हता, पुस्तक हे अवजार. तुमच्या मनगटांना हे लागू पडावं. संदर्भग्रंथाची स्वतःची प्रत असेल तर बाइंडरकडून तिचे तीन-चार भाग करून घ्या.

चकली_फसली

पुस्तक कापायचं?? मास्तर, हे वाचून माझ्या आईला चक्कर येईल.

निवृत्त_मास्तर

आईंना सांगा, आपल्याकडच्या पोथ्या मुळात सुट्या पानांच्याच. एकेक पान उचलायचं, वाचून उपडं ठेवायचं. पुढ्यात ठवणी (पोथी ठेवायची घडवंची), हातात वजन शून्य. आमवाताच्या माणसासाठी ह्याहून चांगली रचना मला सुचत नाही. जाड बांधणी हे नंतरचं खूळ.

तिरकस

मास्तर, दिनक्रम छान. पण त्यात एक ओळ राहिली. डार्विनला वडिलोपार्जित पैसा होता, नोकरी नव्हती, घरात पार्स्लो नावाचा बटलर होता, स्वयंपाकीण होती. एमाने दहा बाळंतपणं काढली आणि वर नवऱ्याचं आजारपण. बारा वाजता फिरायला जाताना 'आज चांगलं काम झालं' असं म्हणायला कुकरला शिटी कुणीतरी दुसऱ्याने लावलेली असावी लागते. धागाकर्तीला सासूबाईंचं पथ्य आहे.

निवृत्त_मास्तर

मान्य. त्याने आत्मचरित्रात लिहिलंय की आजारपणाने आयुष्यातली कित्येक वर्षं खाल्ली, पण समाजातल्या गाठीभेटी आणि करमणुकीपासून वाचवलं. हे फक्त पैसेवाल्यालाच लिहिता येईल, हेही मान्य. तरीही दिवसातली चांगली वेळ ओळखून ती पत्रांना न देता मुख्य कामाला देणं, ह्याला बटलर लागत नाही.

तिरकस

लागतो. सकाळी आठला डबा असतो.

सोम_बुध_शुक्र

नावावरून कळलं असेल. डायलिसिसवर आहे, सांगलीकडे. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास.

माझा विषय ज्ञानेश्वरीचे पाठभेद. एकनाथांनी शके १५०६ मध्ये शुद्ध केलेली परंपरा एकीकडे, इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी १९०९ मध्ये छापलेली प्रत दुसरीकडे, ओवीला ओवी लावून बघायची. नोकरीत असताना राहून गेलेलं काम. दोन्ही मूत्रपिंडं गेल्यावर हाती घेतलं, ह्याला काय म्हणायचं ते म्हणा.

व्यवहाराचं सांगतो. फिस्टुला, म्हणजे डायलिसिसच्या सुयांसाठी शस्त्रक्रियेने जोडून घेतलेली रक्तवाहिनी, डाव्या हाताला आहे. त्यात दोन जाड सुया आणि तो हात हलवायचा नाही. म्हणजे पुस्तक एका हाताने. दोन प्रती शेजारी ठेवून ताडून बघणं अशक्य. मग कामाचे दोन भाग केले. ताडण्याचं काम घरी, मधल्या दिवसांत, टेबलावर. डायलिसिसला जाताना फक्त तक्ते न्यायचे: एका बाजूला ओवी, शेजारी दोन पाठ, खाली रिकामी जागा. उजव्या हाताने पेन्सिलने तिथे मत लिहायचं. जाड पुठ्ठा आणि वर चिमटा, बास.

पहिले दोन तास डोकं चालतं. तिसऱ्यात रक्तदाब खाली यायला लागतो, अक्षरं तरंगतात. तेव्हा कानाला लावून पारायण ऐकायचं. चौथा तास झोपेचा. घरी आल्यावर त्या दिवशी काही म्हणजे काहीही करत नाही. ह्यावर घरच्यांशी सुरुवातीला भांडणं झाली, 'नुसतं पडून तर होता चार तास' म्हणून. रक्त बाहेर काढून धुऊन परत भरलेला माणूस पडून नसतो, हे समजवायला वेळ लागला.

वाटीवाटीने पाणी मोजून पितो. उन्हाळ्यात व्याख्यान द्यायला कुणी बोलावलं तर जात नाही, कारण बोलून घसा सुकतो आणि पाणी वाढवता येत नाही. व्याख्यानं सुटली. लोकांना वाटलं म्हातारा शिष्ट झाला. वाटू दे.

मोडीताई, तुमच्यासाठी एकच: काम जागेप्रमाणे तोडा. दफ्तरात फक्त तेच करा जे दुसरीकडे होऊच शकत नाही. फोटो काढू देत असतील तर रीतसर परवानगी घेऊन फोटो. वाचन, लिप्यंतर, टिपण सगळं घरी, मोठ्या पडद्यावर. रुमाल सोडणं-बांधणं तिथल्या कर्मचाऱ्याला सांगायला लाजू नका.

मोडीत_निघालेली

सोम_बुध_शुक्र, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. 'नुसतं पडून' हे आमच्याकडेही ऐकू येतं.

कर्मचाऱ्याला सांगायला लाजते हे खरंय. बाई आधीच उशिरा शिकायला आलेली, त्यात रुमालही सोडता येत नाही, असं वाटतं.

अनंतश्रेणी

रामानुजनचा उल्लेख अजून कसा नाही? १९१९ मध्ये इंग्लंडहून हाडांचा सापळा होऊन परतले. १२ जानेवारी १९२० ला अंथरुणावरून केंब्रिजचे गणिती हार्डी ह्यांना पत्र लिहून मॉक थीटा फलनं हा आपला नवा गणिती शोध कळवला. २६ एप्रिलला गेले, वय ३२. त्या शेवटच्या वर्षातली पानं केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात पडून होती, ती १९७६ मध्ये जॉर्ज अँड्र्यूज ह्यांना सापडली आणि गणिती आजही त्यावर काम करताहेत. शरीर संपत आलं तरी बुद्धी थांबत नाही ह्याचं ह्याहून मोठं उदाहरण नाही. ताई, खचू नका!

हाडवैद्य_नव्हे

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे आजारातही रोजची कामं कशी जमवायची ते शिकवते, त्यामुळे रामानुजनचं उदाहरण असं वापरलं की अंगावर काटा येतो, आणि तो आनंदाचा नसतो.

त्यांना क्षय आहे असं धरून इंग्लंडमधल्या एका आरोग्यधामातून दुसऱ्यात हलवत राहिले. १९९४ मध्ये डी. ए. बी. यंग ह्या संशोधकांनी जुन्या नोंदी तपासून मत मांडलं की तो बहुधा यकृतातला अमीबाचा संसर्ग असावा. भारतात असताना त्यांना आव झालेली होती. तसं असेल तर त्या काळातही ह्यावर इलाज होता. मला त्या कथेतून कळतं ते एवढंच की निदान नीट करून घ्या. शेवटच्या श्वासापर्यंत गणित, हा आदर्श मी माझ्या कुठल्याच पेशंटला सांगणार नाही.

मोडीताई, आता तुमचं.

एक, थकवा हा आजाराचाच भाग आहे, पण सगळा थकवा त्याच्या खात्यावर टाकू नका. रक्तक्षय, थायरॉइड, झोप, मनाची उदासी, हे चारही तपासून घ्या. आमवातात हे बरोबरीने असतात आणि त्यांच्यावर उपचार आहेत. रविवारच्या मळमळीबद्दलही डॉक्टरांशी बोला. फॉलिक अॅसिड कधी घ्यायचं, गोळीऐवजी इंजेक्शन चालेल का, हे ठरवणं त्यांचं काम आहे, पण विचारल्याशिवाय ते सांगणार नाहीत.

दोन, आमवात शांत असताना व्यायामाने फायदा होतो. सुजलेल्या दिवसांत त्या सांध्याला आराम. हे लिहितेय कारण धागा इतरही वाचतील. ज्यांना साथीच्या तापानंतर किंवा कोविडनंतर असा थकवा आहे की थोडं जास्त काही केलं की दुसऱ्या दिवशी माणूस आडवा होतो, त्यांचं गणित वेगळं. अशा थकव्याच्या आजारात 'रोज थोडं थोडं वाढवत न्या' हा व्यायामाचा सल्ला ब्रिटनच्या नाइस ह्या संस्थेने २०२१ मध्ये मागे घेतला. अशा पेशंटनी दमायच्या आधी थांबायचं. एकाचं औषध दुसऱ्याला सांगू नये ते ह्यासाठी.

तीन, स्वयंपाकघर. इथेच तुमची बोटं खर्च होतात आणि दफ्तराला उरत नाहीत. कपडे पिळणं बंद. पातेलं कडेला चिमटीत धरून उचलू नका, दोन्ही तळव्यांवर घ्या. पिशवी बोटांवर न टांगता कोपराजवळ किंवा खांद्यावर. विळी सोडा. ओट्याशी उंच स्टूल ठेवा आणि बसून फोडणी करा, कुणी हसलं तर हसू दे. कणीक मशिनमध्ये किंवा घरातल्या बारावीच्या मुलाकडे. बारावीच्या मुलाला दहा मिनिटं कणीक मळता येते, त्याने मार्क कमी होत नाहीत.

चार, पेनाला जाड पकड हवी. फोमची नळी मिळते, ती चढवा. बारीक बॉलपेन चिमटीत धरून तासभर टिपणं काढणं बंद.

कोथरूडकर_काका

बारावीच्या मुलाचं एकदम पटलं. आमच्या चिरंजीवांना हा धागा वाचायला दिला आहे.

इंदूरी_शेव

आमच्या माळव्यातला माणूस आठवला. कुमार गंधर्व क्षयाने आजारी होऊन १९४८ मध्ये देवासला आले, कोरड्या हवेसाठी. एक फुप्फुस जवळजवळ निकामी, गायला बंदी. ऐन बहरातला गवई पाचेक वर्षं अंथरुणावर. पत्नी भानुमतीबाई सगळं करत होत्या. पडल्या पडल्या त्यांच्या कानावर येत राहिली ती आसपासच्या बायकांची माळवी गाणी. ती ते टिपत गेले, त्यांतल्या चार-पाच स्वरांत राग कसे दडलेत ह्याचा विचार करत गेले. बरे झाल्यावर जे गाणं आलं त्यात लांब तानांऐवजी छोटे, तुटक, झटक्यात येणारे स्वरसमूह. जाणकार म्हणतात की हे फुप्फुसामुळे. काही म्हणतात विचारपूर्वक. मला वाटतं दोन्ही, आणि कुठलं किती हे आता कोण सांगणार.

मला आवडतं ते हे की आधीचंच गाणं कसंबसं परत मिळवायची धडपड त्यांनी केली नाही.

खिडकीपाशी

मी अभ्यास करणारी नाही, करणाऱ्याची मुलगी. वडिलांना पार्किन्सन्स आहे. न्याय ह्या भारतीय दर्शनाचे अभ्यासक, एका संस्कृत टीकाग्रंथाची संपादित प्रत तयार करताहेत.

ह्या आजारात अक्षर लहान होत जातं. त्यांचं सुंदर वळणदार अक्षर मुंगीएवढं झालं, मग ते स्वतःलाच वाचता येईना. बोलून लिहून घ्यावं तर आवाजही बारीक होतो. फोनवरचं मराठी बोलून टंकणं छान चालतं, पण त्यांचा आवाज त्याला कळत नाही, त्यात संस्कृत. मग लेखनिक कोण? मी.

लेव्होडोपा ह्या पार्किन्सन्सवरच्या औषधाची गोळी जेवणाच्या आधी, पोट रिकामं असताना. डाळ-पनीरच्या जेवणाबरोबर घेतली तर असर कमी होतो. गोळी लागू झाली की मधला काही वेळ ते पूर्वीचेच बाबा असतात: हात चालतो, वाक्यं स्पष्ट, विनोदसुद्धा. तो वेळ आम्ही ग्रंथासाठी राखतो. त्या वेळेत पाहुणे, फोन, आंघोळ काही नाही. आत्येने मनावर घेतलं, पण नियम मोडला नाही.

आता जे लिहायचं होतं ते. त्यांना भेटायला येणारे म्हणतात, काय हा उत्साह, ह्या वयात, ह्या आजारात! खरं आहे. पण त्यांचा अभ्यास चालू राहिला कारण माझा थांबला. मी तक्रार करत नाहीये, मी निवडलंय. फक्त तिरकस ह्यांनी एमाचं नाव काढलं तेव्हा बरं वाटलं.

तिरकस

खिडकीपाशी, आठवड्यातून एक-दोनदा दुसरा कुणी लेखनिक मिळाला तर? जवळच्या महाविद्यालयातल्या संस्कृत विभागात विचारून बघा. एमएच्या मुलांना हस्तलिखिताचं काम शिकायला मिळेल, तुम्हाला सुटी मिळेल. मानधन थोडं द्या, फुकट मागू नका.

खिडकीपाशी

विचारते. बाबांना चालेल का ते माहीत नाही, माझ्यावर ओरडता येतं तसं परक्या मुलावर येणार नाही.

रानभेंडी

पीएचडी हा शब्द आलाय म्हणून. दुर्गाबाई भागवत मध्य प्रदेशच्या जंगलात आदिवासींचा अभ्यास करत होत्या. तिथे विषारी सुरण खाण्यात आला आणि सहा वर्षं अंथरुणाला खिळल्या. पीएचडी राहिली ती राहिलीच. नंतरच्या दुर्गाबाई सगळ्यांना माहीत आहेत. लोकसाहित्य, ललित, पाली-संस्कृत, १९७५ चं कराडचं साहित्य संमेलन. त्यांना पीएचडी नव्हती हे कुणाच्या लक्षातही नसतं.

मोडीताई, राग मानू नका, पण अभ्यास सोडायचा नाही आणि पीएचडी सोडायची नाही ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमची कुठली?

मोडीत_निघालेली

राग नाही. पण दोन्ही. दुर्गाबाईंना पीएचडीची गरज नव्हती. मला कंत्राटी तासिकांमधून बाहेर पडायचं तर आहे.

नियमावली

मग मुदतीचं बघून ठेवा. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत पीएचडीला कमाल सहा वर्षं, पुनर्नोंदणी करून आणखी दोन. स्त्रियांना, तसंच चाळीस टक्क्यांहून जास्त अपंगत्व असलेल्यांना, त्यावर आणखी दोन. म्हणजे तुम्हाला स्त्री म्हणूनच एकूण दहापर्यंत जाता येतं, त्यासाठी आजाराचं प्रमाणपत्र लागत नाही. विद्यापीठ आपणहून सांगत नाही, मुदत संपायच्या आधी लेखी अर्ज करावा लागतो आणि पोच घ्यावी लागते.

अपंगत्वाच्या २०१६ च्या कायद्यात एकवीस प्रकार आहेत. पार्किन्सन्स त्यात आहे, त्यामुळे खिडकीपाशी, वडिलांचं कार्ड काढलं नसेल तर काढा. आमवाताचं वेगळं नाव यादीत नाही. सांध्यांची हालचाल किती कमी झाली ते तपासून अस्थिव्यंगात धरतात. मूत्रपिंडाचा आजार यादीत नाही. सोम_बुध_शुक्र, हे तुम्हाला माहीत असेलच.

सोम_बुध_शुक्र

चांगलंच माहीत आहे.

मोडीत_निघालेली

नियमावली, अनेक आभार. दहाचं मला कुणीच सांगितलं नव्हतं. मार्गदर्शकांनीसुद्धा.

आतापर्यंत केलेलं: ओट्याशी स्टूल आलं. सासूबाई पहिल्या दिवशी काही बोलल्या नाहीत, दुसऱ्या दिवशी त्यावर स्वतःच बसून शेंगा निवडत होत्या. कणीक मुलाकडे, पोळ्यांचा आकार सुधारेल अशी आशा आहे. दफ्तरात फोटोंच्या परवानगीचा अर्ज टाकला. सकाळी हात चालत नाहीत तेव्हा काहीच न करता चिडचिड करत बसायचे, आता त्या वेळात आदल्या दिवशीचं लिप्यंतर नुसतं डोळ्यांनी तपासते, दुरुस्त्या फोनला बोलून सांगते. 'कमाविसदार' त्याला नीट कळतं. 'मामलेदार' म्हटलं की कधीकधी भलतंच काहीतरी येतं.

पुस्तक कापायला अजून धीर झालेला नाही. कोशाचा खंड काढला, कापड पसरलं, परत ठेवला.

कोथरूडकर_काका

स्वतः कापू नका हो. अप्पा बळवंत चौकाच्या आसपास बाइंडर आहेत, ते शिवण उसवून भाग वेगळे करतात आणि प्रत्येकाला पातळ पुठ्ठा लावून देतात. शिवलेलं पुस्तक असेल तर पान फाटत नाही. नुसतं डिंकाने चिकटवलेलं असेल तर आधी दाखवून घ्या. मी पंचांगांचे गठ्ठे असेच करून घेतले आहेत.

मोडीत_निघालेली

शिवलेलं आहे. काका, शेवटची शब्दसूची वेगळी बांधून देतात का? ती सारखी लागते, आणि शेवटच्या भागाला जोडून राहिली तर दर वेळी दोन भाग उचलावे लागतील.

कोथरूडकर_काका

देतात. सूची वेगळी बांधायला सांगा आणि भागांच्या पाठीवर पृष्ठांकन लिहून घ्या, नाहीतर शोधत बसाल. आणि खंड स्वतः उचलून नेऊ नका. बारावीला द्या.